हुबेहूब असून भागत नाही

1982 साली दोन गोष्टी घडल्या. जूनमध्ये रिडली स्कॉटचा ‘ब्लेड रनर’ अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. वरवर पाहता या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण कारखान्याच्या भोंग्यावर वाढलेल्या या पट्ट्यात राहून तो चित्रपट पाहिला, की त्यातलं 2019 सालचं लॉस एंजेलिस फार परकं वाटत नाही. माणसासारखीच दिसणारी, माणसापेक्षा बळकट अशी ‘रेप्लिकंट’ तिथे कंपनीत घडवली जातात, धोक्याच्या कामांवर दूरच्या वसाहतींत पाठवली जातात आणि पळून आली तर गोळी घालून संपवली जातात. 35 वर्षांनी, 2017 मध्ये, डेनी व्हिलनव्ह या दिग्दर्शकाने त्याच जगाचा पुढचा भाग केला, ‘ब्लेड रनर 2049’. तेव्हापासून एक वाद चालू आहे, आणि तो या दोन चित्रपटांपुरता नाही. अभिजात ठरलेल्या विज्ञानपटाचा पुढचा भाग मूळ चित्रपटाच्या शेजारी उभा राहू शकतो का? बहुतेक जाणकार नाही म्हणतात, आणि त्यांच्यामागे भक्कम पुरावा आहे. मला मात्र वाटतं, की तो उभा राहू शकतो, पण एकाच अटीवर. मूळ चित्रपटाने जे दाखवलं ते पुन्हा दाखवण्याचा मोह त्याने सोडला पाहिजे, आणि मधल्या काळात जगात जे बदललं त्यातून उठणारा पुढचा प्रश्न विचारला पाहिजे.

आधी मूळ चित्रपटाचा प्रश्न नीट पाहू. त्यातल्या नेक्सस-6 जातीच्या रेप्लिकंटना चारच वर्षांचं आयुष्य दिलेलं असतं. ही तांत्रिक मर्यादा म्हणून राहिलेली नाही, ती मुद्दाम घातलेली आहे. जास्त जगले तर त्यांच्यात स्वतःच्या भावना तयार होतील, राग येईल, माया जडेल, आणि मग ते मालकाचं ऐकणार नाहीत, अशी कंपनीला भीती असते. म्हणजे मुदत हाच लगाम. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात ज्यांनी कंत्राटावर काम केलं आहे त्यांना हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं की ती सलग सेवा धरली जाई, आणि सलग सेवा धरली की हक्क आले. म्हणून सात महिने होत आले की पोराला ‘ब्रेक’ द्यायचा, ही रीत इथे इतकी रुळली की नव्याने आलेला मुलगा कामाला लागतानाच ब्रेक कधी ते विचारून घेतो. दोन गोष्टी एक नाहीत, हे उघड आहे. एकीकडे जीव जातो, दुसरीकडे नोकरी. पण माणूस रुजायच्या आत त्याला उपटायचं, हे तत्त्व दोन्हीकडे तेच आहे. रटगर हाउअरने साकारलेला रॉय बॅटी आपल्या निर्मात्याच्या शयनगृहापर्यंत पोहोचतो आणि त्याच्याकडे आणखी आयुष्य मागतो, तेव्हा तो खलनायक राहत नाही. मुदतवाढ मागणारा तो एक कामगार असतो. ‘ब्लेड रनर’चं मोठेपण पावसात, धुरात आणि निऑनच्या पाट्यांत जेवढं आहे त्याहून जास्त या मागणीत आहे.

आता 2049 मध्ये काय बदललं ते पाहा. नव्या रेप्लिकंटच्या आयुष्याला मुदत नाही, कारण तिची गरजच उरलेली नाही. ते मुळातच आज्ञाधारक घडवले जातात. चित्रपटाचा नायक के हा पोलिसांच्या नोकरीतला असाच एक रेप्लिकंट, आपल्याच जातीच्या पळपुट्यांना मारणारा. प्रत्येक कामगिरीनंतर त्याला एका पांढऱ्या, रिकाम्या खोलीत भिंतीतल्या यंत्रासमोर बसवतात. पलीकडून एक आवाज भराभर शब्द आणि प्रश्न फेकतो: मुलाला छातीशी धरलं की काय वाटतं, प्रेमाच्या माणसाचा हात हातात घेतला की काय वाटतं. केने त्यांना भाव न दाखवता, न अडखळता ठरलेले शब्द परत म्हणायचे. आवाज जरा कापला, उत्तर क्षणभर लांबलं, की तो ‘मूळ रेषे’वरून घसरला. पहिल्या चित्रपटातही एक चाचणी होती, पण ती समोरचा माणूस आहे की यंत्र हे ओळखण्यासाठी होती. इथे के यंत्र आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यालाही. प्रश्न एवढाच, की तो आजही पुरेसा यंत्र आहे का? चाकणच्या बॉडी शॉपमधून निघून हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत शिरावं, तसा हा फरक आहे. एका ठिकाणी दिवस मोजले जातात, दुसऱ्या ठिकाणी मन. स्क्रीनसमोर किती वेळ बसलात, कॉलवर सूर कसा होता, अप्रेझलमध्ये कोणत्या रकान्यात बसलात. पिंपरी-चिंचवडचं पुनावळे हे उपनगर या दोन्हींच्या मध्ये वसलं आहे. इथल्या एकाच सोसायटीत दोन्हीकडचे लोक राहतात आणि महामार्गाखालच्या त्याच अरुंद भुयारी मार्गाशी रोज अडकतात. 1982 च्या चित्रपटाला हा दुसरा लगाम दिसणं शक्य नव्हतं, कारण तेव्हा तो नव्हता. पुढच्या भागाला तो दिसला, आणि इथेच त्याने शेजारी उभं राहण्याचा पहिला हक्क मिळवला.

दुसरा हक्क त्याने कथेच्या वळणावर मिळवला. केला एक आठवण आहे: अनाथालयातली मोठी मुलं मागे लागली आहेत आणि तो लाकडाचा छोटा घोडा थंड पडलेल्या भट्टीत लपवतो आहे. आठवणी बाहेरून घातलेल्या असतात हे त्याला माहीत आहे. पण रेप्लिकंट आईच्या पोटी जन्मलेल्या एका मुलाचा शोध घेता घेता तो त्याच भट्टीशी पोहोचतो, आणि घोडा तिथे सापडतो. मग त्याला वाटू लागतं, की ते एकमेव मूल आपणच. आपण घडवलेले नाही, जन्मलेले आहोत. विज्ञानपट पाहून पाहून आपल्यालाही सवय झालेली असते. नायक म्हणजे निवडलेला, भाकितातला, वेगळा. आणि मग चित्रपट शांतपणे सांगतो, की तो तू नव्हेस. ती मुलगी होती. आठवण तिची, तुझ्यात फक्त भरलेली. त्यानंतर जखमी के पावसात एका पुलावर उभा राहतो. त्याची सोबतीण जॉय हीसुद्धा कंपनीने विकलेली प्रकाशाची बाहुली होती, आणि ती आता नष्ट झाली आहे. तिचीच इमारतीएवढी जाहिरात खाली वाकते आणि त्याला एका नावाने हाक मारते. तेच नाव जॉयने मायेने त्याला दिलं होतं. आपलं म्हणून जपलेलं ते एकुलतं एक नावही मालाबरोबरच आलेलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर उमटतं. रायन गॉस्लिंग तिथे जवळजवळ काहीच करत नाही, आणि तेच योग्य आहे. पहिल्या चित्रपटाचा प्रश्न होता, मी माणूस आहे का? दुसरा विचारतो, मी विशेष नाही हे कळल्यावरही योग्य ते करायचं कारण काय? के ते करतो. पहिल्या चित्रपटाचा नायक, आता वृद्ध झालेल्या डेकर्डला वाचवतो आणि त्याच्या त्या मुलीच्या दारापर्यंत पोहोचवतो. कोणी सांगितलं म्हणून नाही, आणि तो कोणी मोठा आहे म्हणूनही नाही. हजारो जणांसारखाच एक असलेल्या माणसाची प्रतिष्ठा कशात असते, हा प्रश्न मला बॅटीच्या मागणीइतकाच मोठा वाटतो.

तिसरी गोष्ट लहान आहे, पण पुनावळ्यात राहणाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही. मूळ चित्रपट शहराच्या पोटातून जवळजवळ बाहेर पडत नाही. एवढ्या प्रचंड शहराचा कचरा जातो कुठे, हे तो सांगत नाही. 2049 मध्ये के उडत्या गाडीतून दक्षिणेला जातो आणि सान दिएगो हे अख्खं शहर उकिरडा झालेलं दिसतं. क्षितिजापर्यंत भंगार, आणि त्यात एका छपराखाली रांगेत बसून जुन्या यंत्रांचे तुकडे सोलणारी अनाथ मुलं. आपल्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे मोशीला जात राहिला, आणि कचरा डेपोचं आरक्षण पुनावळ्यात आलं तेव्हा इथले रहिवासी रस्त्यावर उतरले. शहर आपली घाण कोणाच्या दारात नेऊन टाकतं, हा 1982 च्या भविष्यात नसलेला प्रश्न आहे. पुढचा भाग मूळ जगाचा नकाशा असा वाढवतो तेव्हा तो त्या जगाचा भाडेकरू राहत नाही.

आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की मूळ चित्रपटाने जो धक्का दिला तो पुन्हा देता येत नाही. सिड मीडने रेखाटलेलं ते शहर आणि व्हँगेलिसचं ते संगीत त्याआधी कोणी पाहिलं-ऐकलं नव्हतं. पुढचा भाग कितीही सुंदर असो, तो पाहिलेल्या जगातच घडतो. हे मला मान्य आहे. रॉजर डीकिन्सला 2049 च्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं, आणि ते योग्यच झालं. त्यातलं केशरी धुळीत बुडालेलं लास व्हेगास विसरता येत नाही. तरी बॅटीच्या मृत्यूच्या प्रसंगाला तोड नाही, आणि हे दिग्दर्शकालाही ठाऊक असावं, कारण तो त्या प्रसंगाशी स्पर्धाच करत नाही. याशिवाय 2049 मध्ये स्वतःची अशी व्यंगं आहेत. जॅरेड लेटोचा उद्योगपती वॉलेस पल्लेदार भाषणं देतो. पहिल्या चित्रपटातल्या टायरेलच्या थंड सभ्यतेपुढे ती पोकळ वाटतात. रेप्लिकंटांच्या बंडाचा धागा मध्येच सुटतो. स्त्रीदेहाचा बाजार दाखवताना कॅमेरा अधूनमधून त्या बाजाराचाच ग्राहक होतो, ही टीकाही मला पटते. पण शेजारी उभं राहणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे, आणि वरचढ असणं तर नव्हेच. मूळ चित्रपट पाहिल्यावर दुसरा पाहावासा वाटला, आणि दुसरा पाहिल्यावर पहिल्यात आधी न दिसलेलं काही दिसलं, एवढं पुरे. 2049 पाहिल्यावर मूळ चित्रपटातली रेचल वेगळी दिसते. दुसऱ्याच कोणाच्या आठवणी घेऊन जगणारी ती स्त्री आता केची पूर्वज होते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. अभिजात कृती पुष्कळदा एका गूढावर उभी असते, आणि पुढचा भाग ते उलगडून टाकतो. याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘2001: अ स्पेस ओडिसी’ने 1968 मध्ये प्रेक्षकाला अवकाशात एकटं सोडून दिलं. 1984 मध्ये पीटर हायम्सच्या ‘2010’ने हॅल हा संगणक का बिघडला याचं व्यवस्थित कारण दिलं: त्याला परस्परविरोधी सूचना मिळाल्या होत्या. चित्रपट वाईट नाही, नेटका आहे. पण कारण कळल्यावर हॅलची भीती आटते. ‘ब्लेड रनर’चंही असंच एक गूढ आहे: रेप्लिकंटना मारणारा डेकर्ड स्वतःच रेप्लिकंट आहे का? हॅरिसन फोर्ड 2049 मध्ये परत आला तेव्हा उत्तर देण्याची आयती संधी होती. वॉलेस तो विषय काढून डेकर्डला डिवचतोसुद्धा, पण चित्रपट उत्तर देत नाही. उत्तर काहीही असलं तरी कथा चालते, अशी ती रचलेली आहे. म्हणजे गूढ मारणं हा पुढच्या भागाचा स्वभावदोष नाही, ती एक निवड आहे, आणि ती टाळता येते. इथे आणखी एक सांगायला हवं. ज्याला आपण मूळ म्हणतो तेही एकच एक नव्हतं. 1982 च्या आवृत्तीत नायकाचं निवेदन होतं आणि शेवटी निसर्गात निघून जाणारं सुखी जोडपं होतं. 1992 च्या आवृत्तीत दोन्ही गेलं, एकशिंगी घोड्याचं स्वप्न आलं, आणि 2007 मध्ये स्कॉटने अखेरची आवृत्ती काढली. 25 वर्षं जो चित्रपट स्वतःशीच वाद घालत होता, त्याच्याशी आणखी कोणी वाद घातला तर त्याच्या पावित्र्याला धक्का लागत नाही.

गल्ल्याचा मुद्दा मी फार वेळ धरून ठेवत नाही. 2049 वर 15 कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला आणि वसुलीने निर्मात्यांची निराशा केली. पण 1982 मध्ये मूळ ‘ब्लेड रनर’ही पडलाच होता. दोन आठवडे आधी आलेल्या स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’ने त्याचा प्रेक्षक पळवला. पहिल्या महिन्याच्या तिकिटांवरून अभिजातता ठरत असती, तर हा वादच उद्भवला नसता. उलट जे पुढचे भाग टिकले ते पाहा. ‘एलियन’ (1979) ही बंद यानातली भयकथा होती. जेम्स कॅमेरूनने 1986 मध्ये ‘एलियन्स’ केला तेव्हा भयकथा सोडून युद्धपट केला आणि नायिका रिप्लीला आईपण दिलं. 1991 च्या ‘टर्मिनेटर 2’मध्ये आधीचा मारेकरीच रक्षक झाला. दोन्ही चित्रपटांनी जुनं जग घेतलं, जुनी खेळी घेतली नाही.

मराठीत या प्रश्नाचा खटला चालवायला अस्सल विज्ञानपट हाताशी नाही. माणसाने घडवलेली बुद्धी माणसाच्या हाताबाहेर गेली तर काय, हा विषय जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मुळे मराठी वाचकाला कधीपासून ओळखीचा आहे. पण आपल्या पडद्याने तो फारसा उचलला नाही. सर्वांत जवळचं उदाहरण महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’चं. 1993 चा हा चित्रपट विज्ञानाचा नाही, मंत्राचा आहे. त्याचं बीज 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटात आहे, हेही खरं. पण मरता मरता आपला जीव बाहुल्यात घालणारा तात्या विंचू, आणि त्या बाहुल्यातून माणसाच्या देहात यायची त्याची धडपड, ही बॅटीपासून फार दूर नाही. दोघेही घडवलेल्या देहात अडकले आहेत आणि दोघांना जास्त आयुष्य हवं आहे. या चित्रपटाला अभिजात म्हणताना मला संकोच वाटत नाही, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट इथल्या मातीत मुरलेली आहे. रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या त्या बाहुल्याचं वळणारं डोकं आणि हलणारा जबडा हाताच्या कसबावर चालत होता, आणि दिलीप प्रभावळकरांनी त्याला धमकीही मराठी दिली. समोर लक्ष्मीकांत बेर्डे. बाहुला जिवंत आहे हे जिवाच्या आकांताने सांगणारा आणि कोणालाच न पटणारा लक्ष्या. बेर्डे ओरडतात तेव्हा हसू येतं, आणि त्याच क्षणी त्या माणसाचं एकटेपण टोचतं. या दोन भावना एका श्वासात देणं हे त्यांचं खरं सामर्थ्य होतं.

20 वर्षांनी, जून 2013 मध्ये, ‘झपाटलेला 2’ आला. बेर्डे 2004 च्या डिसेंबरमध्येच गेले होते. लक्ष्याचा मुलगा म्हणून आदिनाथ कोठारे आले, तात्या विंचू परतला, आणि चित्रपट त्रिमितीत होता. मराठीत त्रिमिती आणणं हे धाडस होतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्रिमिती हे प्रश्नाचं नाव नव्हे. बाहुला प्रेक्षकाच्या अंगावर आला तरी त्याला काय हवं आहे ते 1993 चंच राहिलं. मधल्या 20 वर्षांत महाराष्ट्र केवढा बदलला होता. 1993 मध्ये लक्ष्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं, कारण बाहुला बोलताना इतर कोणी पाहिला नव्हता. 2013 मध्ये प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा होता. आता सगळ्यांनी पाहिलं असतं, एकमेकांना पाठवलं असतं, आणि तरीही कोणी मदतीला आलं नसतं. भीतीचं हे नवं रूप समोर पडलेलं असताना ते उचललं गेलं नाही. म्हणून दुसरा भाग पहिल्याची आठवण करून देतो, पण त्याच्या शेजारी उभा राहत नाही.

इथे 2049 मधला एक प्रसंग मला निर्णायक वाटतो. डेकर्डने तोंड उघडावं म्हणून वॉलेस त्याच्यापुढे एक भेट ठेवतो. अंधारातून रेचल चालत येते. तीच केशरचना, तोच पोशाख, 1982 ची तरुण रेचल, संगणकाच्या मदतीने जशीच्या तशी उभी केलेली. डेकर्ड तिच्याकडे पाहतो, हलतो, क्षणभर वाटतं की तो शरण जाईल. मग तो मान फिरवतो आणि एवढंच म्हणतो, की तिचे डोळे हिरवे होते. पुढच्याच क्षणी त्या प्रतिमेला गोळी घातली जाते. डोळ्यांचा रंग खरंच चुकला होता की डेकर्डने तो नाकारण्यासाठी पुढे केला, यावर लोक भांडतात. मला ते भांडण गौण वाटतं. मूळ चित्रपट परत आणून द्या, आमची तीच नायिका, तेच दिवस, अशी मागणी पुढच्या भागाकडे करणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाला इथे चित्रपटाने त्याची मागणी पुरवली आहे आणि ती पुरवणं म्हणजे काय तेही दाखवलं आहे. प्रेमाच्या माणसाची हुबेहूब नक्कल समोर उभी करणं हा सौदा आहे, आणि जो खरं प्रेम करतो तो हा सौदा नाकारतो.

‘झपाटलेला’च्या तिसऱ्या भागात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने लक्ष्याला पुन्हा पडद्यावर आणायचा विचार महेश कोठारे यांनी जाहीरपणे बोलून दाखवला आहे. त्यामागची माया मी समजू शकतो. एका पिढीला हसवणाऱ्या मित्राला पुन्हा पाहावंसं कोणाला वाटणार नाही? पण बेर्डे यांचा चेहरा आणि आवाज जुळवून केलेला लक्ष्या केवळ टाळ्यांसाठी आणला, तर तो वॉलेसची रेचल होईल. दुसरी वाटही मोकळी आहे, आणि ती ‘झपाटलेला’इतकी कोणत्याच मराठी चित्रपटाला मोकळी नाही. गेलेल्याचा जीव निर्जीव वस्तूत घालून तिला बोलतं करणं हाच तर त्याचा मूळ विषय. 1993 मध्ये त्याला मंत्र लागत होता, आज एखादा सर्व्हर आणि जुन्या फिती पुरतात. तात्या विंचूने जे केलं ते आता आपण आपल्या आवडत्या माणसांबाबत करू लागलो आहोत, तेव्हा त्या पडद्यावरच्या लक्ष्याला कोणी विचारायला हवं, की तुला परत यायचं होतं का? जो तिसरा भाग हे विचारायचं धैर्य करील, त्याची तुलना 1993 च्या चित्रपटाशी करताना मी कचरणार नाही.